दोन बोटं खाली

सीटमधला फोम कापायला करवत नको, ब्रेडची सुरी घ्यावी. लांब, दातेरी. ओढायची, दाबायची नाही.

उंची मोजून घेताना माणूस श्वास रोखून धरतो. मोजणारा वळला की सोडतो, आणि थोडा खाली येतो.

पाय टेकणं. हात टेकणं. गुडघे टेकणं. ये, जरा टेक, चहा टाकते.

लाल सिग्नलला एक साठीची बाई मोटरसायकलच्या मागच्या सीटवरून उतरते. हिरवा लागला की पुन्हा चढते. मागचे हॉर्न वाजवतात.

जोडीतला एकच बूट झिजला, तरी दुकानदार जोडीच विकतो.

"हॅलो? मोठ्यानं बोला हो, इथं ग्राइंडर चालू आहे!"

*

ग्राइंडर मुलीच्या गॅरेजमधला. फोन बाबांचा.

गॅरेज फक्त मोटरसायकलींचं आहे. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, त्या जमिनीवर तेलाचे असे जुने डाग की ते आता जमिनीचेच वाटतात. गिऱ्हाइकं मुलीला ताई म्हणतात. बाबा तिला मिस्त्री म्हणतात, लग्न करून वेगळी राहायला गेली तरी. शेजारी टायरवाला. तो सगळ्यांना सगळं म्हणतो.

बाबा आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते, दुसऱ्यांच्या इमारतींच्या रेघा मारल्या. निवृत्त झाले आणि एक मोटरसायकल घेऊन आले. लांबच्या प्रवासाची, भल्यामोठ्या टाकीची, दोन बाजूंना सामानाच्या पेट्या. सीट इतकी उंच की बाबांसारख्या बेताच्या उंचीच्या माणसाच्या टाचा जमिनीपर्यंत पोचायच्याच नाहीत. चवडे तेवढे लागायचे. थांबले की बाबा चवड्यांवर उभे, गाडी दोन मांड्यांत धरलेली, मान ताठ. वर्षातून एकदा आई मागं बसायची आणि दोघं मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपबरोबर लांब कुठंतरी जाऊन यायचे. ग्रुपमध्ये त्यांचं नाव चवडेसाहेब. नव्या मेंबरांना ते खरंच आडनाव वाटायचं.

"बाबा, दोन बोटं खाली घेऊ या ना सीट," मुलगी म्हणायची.

"कापून घेतलेल्या गाडीवर बसण्यापेक्षा स्टुलावर बसेन."

हे दर सर्व्हिसिंगला. दोघांची वाक्यं पाठ होती, कधीकधी तर एकमेकांची म्हणायचे.

आणि मग तो फोन. ग्राइंडरच्या आवाजात तिला ऐकू आलं: "मला... पाय टेकत नाही गं आता."

तिनं ग्राइंडर बंद केला.

"टेकत नाही? अहो बाबा, किती वर्षं घसा फोडून सांगतेय मी! आणा. आजच आणा. आधी का नाही बोललात? वा! टेकत नाही म्हणे! आईला सांगते, तुमच्या तोंडून ऐकलं एकदाचं!"

पलीकडं स्टूल सरकलं.

"हं," बाबा म्हणाले. "आणतो."

*

फोम

बाबा आले ते टायरवाल्यानं रचून ठेवलेल्या टायरांना गाडी चिकटवून थांबले. टायरवाला ओरडला, "साहेब, माझ्या टायरांवर प्रेम का उतू चाललंय?" बाबा म्हणाले, "तुझ्यापेक्षा ते गप्प असतात."

मुलीला कौतुकाच्या भरात यात काही दिसलं नाही. तिनं त्यांना गाडीवर बसवलं, आपण खाली उकिडवी बसली आणि टाच आणि जमीन यांच्यामधली फट बोटांनी मोजली. मग सीट काढली, रेक्झीनच्या पिना उपसल्या आणि ब्रेडच्या सुरीनं फोम दोन बोटं उतरवला. कडा गोल केल्या, नाहीतर मांडीत रुततात. फोमचा भुगा तिच्या केसांत गेला, तो बाबांनी टिपून काढला.

"बसा आता. टेकतात?"

"टेकतात."

"मग हसा की जरा!"

बाबा हसले. संध्याकाळी तिनं नवऱ्याला दोनदा सांगितलं, की बाबांनी शेवटी ऐकलं.

*

पट्ट्या

पुढच्या महिन्यात पुन्हा आले. "अजून थोडी होईल का?"

"बाबा, तुम्ही आटताय की काय?"

"धुतल्यावर कापड आटतं. वापरल्यावर माणूस."

फोममध्ये आता कापण्यासारखं उरलं नव्हतं, पत्रा लागला असता. म्हणून तिनं गाडीच घेतली खाली. मागच्या शॉकअपला जोडणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या असतात. त्यांच्या जागी जरा लांब पट्ट्या बसवल्या की गाडीची मागची बाजू बसते. पण नुसती मागची बसवून भागत नाही. हेडलाइट झाडांच्या शेंड्यांकडे बघायला लागतो आणि गाडी वळायला कुरकुरते. म्हणून पुढच्या चाकाला धरणारे दोन दांडे, फोर्क, तेही हँडलखालच्या क्लॅम्पमधून वर सरकवायचे, म्हणजे पुढूनही तेवढीच खाली. आता बाजूचा स्टँड लांब पडतो. गाडी त्यावर कलायच्या ऐवजी सरळ उभी राहते, आणि सरळ उभी गाडी वाऱ्यानंही पडते. म्हणून स्टँड मधोमध कापायचा, दोन बोटं काढून टाकायची, पुन्हा वेल्ड करायचा.

तिनं सगळं केलं. बाबा खुर्ची ओढून बघत बसले. वेल्डवरून अंगठा फिरवून म्हणाले, "रेघ सरळ आहे."

त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं. तिला दिवसभर पुरलं.

*

लिव्हर

तिसऱ्यांदा आले ते वार्षिक ट्रिपच्या आधी, सर्व्हिसिंगला. गाडी ठेवायची, चार दिवसांनी सकाळी इथूनच सगळ्या ग्रुपनं निघायचं.

"आणि एक कर. जुन्या गाड्यांना असायचं ना गिअरचं लिव्हर, पुढून चवड्यानं दाबायचं, मागून टाचेनं? तसं बसवून दे."

या गाडीला वरचा गिअर टाकायचा तर डावा पंजा लिव्हरखाली घालून वर उचलावा लागतो. सगळ्याच अशा गाड्यांना.

"कशाला? चांगलं तर आहे."

"बुटाचं नाक खराब होतं."

तिनं त्यांच्या बुटांकडे बघितलं. लिव्हर घासून डाव्या बुटावर वरून जो काळा पट्टा पडतो, तो नव्हता. बूट वरून कोरा करकरीत होता. पण तळ पुढून, अगदी टोकाला, झिजून आतला कापडी थर दिसत होता. उजवा तळ जसाच्या तसा.

तिनं गाडी आत घेतली. बाबा रिक्षानं घरी गेले. तिनं क्लच उघडला. प्लेटा जळून निळ्याकाळ्या झालेल्या, वास असा की टायरवाला नाक धरून आत आला.

"कुणाची?"

"बाबांची."

"शिकाऊ पोरं जाळतात अशी. एकाच गिअरात रेटतात." तो टाकीवर थाप मारून म्हणाला, "ताई, एक विचारू? घरात भांडण आहे का?"

"का?"

"परवा सिग्नलला तुमचे आईबाबा माझ्या पुढं. लाल लागला, तशा आई टुणकन उतरल्या. मी म्हटलं, झालं! बिनसलं, आता चालत जाणार. बघतो तर डाव्या बाजूनं हँडल धरून उभ्या. हिरवा लागला, चढल्या, गेले. मी हसलो आधी." त्यानं टाकीवरचा हात काढला. "पुढच्या सिग्नललाही उतरल्या. मग नाही हसलो."

*

दुपारी आईबाबांचं घर. बाबा आत झोपलेले. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. आई कपबशा पुसतेय, पुसलेल्याच पुन्हा.

"हळू बोल."

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आई."

"पंजा उचलला जात नाही. आपटत चालतात. पायऱ्यांवर मला पुढं घालतात, पडले तर माझ्यावर म्हणे."

"डॉक्टर?"

"झालं दाखवून. मणक्यातली शीर दबलीय. उशीर झालाय म्हणाले. आणि गाडी बंद करा म्हणाले."

"आणि तू मागं बसतेस!"

"मग कुणाला बसवू?"

"अगं, ते पडतील! तुला घेऊन पडतील!"

"म्हणून तर उतरते ना मी."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. त्यांनी फोन केला होता तुला. माझ्यासमोर, इथंच, या स्टुलावर बसून. दोन दिवस मनाची तयारी करत होते. मिस्त्रीला सांगतो म्हणाले, तीच चावी काढून घेईल, म्हणजे माझं मला ठरवायला नको."

"मला ते फक्त पाय टेकत नाही म्हणाले."

"टेकवत नाही."

"काय?"

"टेकत नाही नव्हे गं. टेकवत नाही. मला पाय टेकवत नाही आता, चालवत नाही."

"चालवत तर आहेत गाडी!"

"गाडी कुठं, पायी! पायी चालवत नाही!"

आणि दोघी हसल्या. तोंडावर फडकं धरून, आवाज न करता, खांदे हलेपर्यंत. मग आईचं हसू आधी थांबलं.

"तू म्हणे इतकी खूश झालीस. फोन ठेवून मला म्हणाले, पोर इतकी खूश झाली, मला पुढं बोलवेना."

बोलवेना. बघवत नाही, सोसवत नाही, टेकवत नाही. या शब्दांतला तो एक व काढून टाकला की माणूस बुटका ठरतो. ठेवला की लंगडा.

"मी बोलते त्यांच्याशी. आज, आत्ता."

"अजिबात नाही." आईनं कपबशी ठेवली. "ऐक. एकदा खुर्चीत बसले ना, तर उठायचे नाहीत. मी ओळखते. ही एक ट्रिप होऊ दे. मी आहे मागं."

"आई, वेड्यासारखं बोलतेस."

"असेन. तू एक शब्द बोलायचा नाहीस. शपथ नको, नुसतं हो म्हण."

मुलगी हो म्हणाली.

*

बोलायचं नाही असं ठरलं होतं. हात लावायचा नाही असं ठरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं गॅरेजचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि गाडी पुन्हा वर केली. लांब पट्ट्या काढल्या, मूळच्या बसवल्या. फोर्क खाली सरकवले. फोम आता परत येणार नव्हता. तिनं नवा आणला, आधीच्यापेक्षा टणक, आणि रेक्झीन ताणून मारलं. गाडी मधल्या स्टँडवर, मागचं चाक हवेत. टॉर्क मोजून बोल्ट आवळताना तिला वाटत होतं की ती एक वाक्य लिहितेय, ज्यात एकही शब्द नाही. बाबा बसतील, दोन्ही पाय लोंबतील, त्यांना कळेल की हिला कळलंय. मग ते म्हणतील, राहू दे या वर्षी. कुणी काही बोलायला नको. रेघ बघून इमारत कळते त्यांना.

तिनं क्लचच्या प्लेटा बदलल्या. टाचेचं लिव्हर बसवलं नाही. हेडलाइट भिंतीवर पाडून नीट केला. चेनला तेल दिलं.

बाजूच्या स्टँडकडे तिचं लक्ष गेलं नाही. गाडी सगळा वेळ मधल्या स्टँडवर होती. कापलेला, दोन बोटं आखूड, सरळ रेघेचा तो स्टँड वर दुमडून पोटाशी चिकटलेला होता. उंच गाडीला तो आता कामाचा नव्हता. गाडी त्यावर टेकली तर टेकणार नव्हती, जात राहणार होती.

हे काम असं आहे की यात कापलेलं आठवावं लागतं. जोडलेलं दिसतं.

*

सकाळ. गॅरेजसमोर ग्रुप. सात-आठ गाड्या, सगळ्यांची इंजिनं चालू, पेट्या, जाळ्या, कुणाचं तरी हेल्मेट टायरवाल्याच्या डोक्यावर. आईबाबा रिक्षातून उतरले. बाबांनी जाकीट घातलेलं, चेन गळ्यापर्यंत. त्यांनी सामान आईला धरायला दिलं आणि गाडीजवळ आले, डावा पाय जरा बाहेरून फिरवत. आज मुलीला ते लांबूनच दिसलं.

त्यांनी सीटवर हात ठेवला. हात जिथं थांबायला हवा होता त्याच्या बराच वर थांबला.

"वाढली का गं ही?"

"मूळ उंचीवर आणली."

"का?"

मुलीनं आईकडे बघितलं नाही. "लांबचा प्रवास आहे. मागं आई, वर सामान. खाली असली तर वळणावर पोट घासतं."

हे खरंही होतं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. एक क्षण तिला वाटलं, झालं, कळलं, आता म्हणतील.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अरे! चवडेसाहेब परत चवड्यावर!"

टाळ्या पडल्या. हॉर्न वाजले. टायरवाला हेल्मेटमधून काहीतरी बोलला ते कुणाला कळलं नाही. बाबा वळले, हात वर केला, हसले. ते हसू मुलगी ओळखत होती. फोम कापला त्या दिवशी, हसा की म्हणत, तिनंच ते मागून घेतलं होतं.

"बाबा, आज राहू दे," ती हळूच म्हणाली.

"मागं हो, मिस्त्री."

मधल्या स्टँडवर उभ्या गाडीवर चढणं सोपं असतं. गाडी हलत नाही. त्यांनी उजवा पाय पलीकडं टाकला, हँडल धरलं आणि कमरेनं पुढं झटका दिला. गाडी मधल्या स्टँडवरून उतरली. चाकं जमिनीवर आली. उजवा चवडा लागला. डावा पंजा उलटा, नाकावर लागला, घोट्यातून मुडपला, आणि गाडी त्या बाजूला आली.

मुलगी डाव्याच बाजूला होती. तिनं हँडल आणि मागची पेटी दोन्ही पकडली, मांडी लावली. गाडी थांबली. धरलेली होती. आईही पलीकडून पेटीला लोंबकळली होती. तिघं अशी, एक गाडी धरून. इंजिनं बंद झाली.

"स्टँड!" ग्रुपमधलं कुणीतरी म्हणालं. "ताई, स्टँड लाव, स्टँड!"

तिनं पायानं स्टँड पाडला. वीस वर्षांची सवय पायाची. ऐकलं आणि केलं. मग हळूच भार सोडला, स्टँडवर.

गाडी कलली. कलायची असतेच तेवढी. मग त्याच्या पुढं कलली. मग तिच्या हातांत आली, आणि हातांतून गेली.

बाबा ओरडले नाहीत. गाडीखाली त्यांचा डावा पाय होता आणि ते कोपरांवर उठून त्या बुटाकडे बघत होते, जसं कुणी दुसऱ्याच्या सामानाकडे बघतं. "पेट्रोल सांडतंय," ते म्हणाले. "टोपण बघा आधी." ओरडत होती ती आई.

सगळ्यांनी मिळून गाडी उचलली. कुणीतरी ती स्टँडवर लावायला गेलं, ती पुन्हा जायला लागली. मग त्यानं वाकून बघितलं.

"अरे, हा तर कापलेला आहे."

*

घोटा मोडला होता. प्लास्टर घातलं. हाडांच्या डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याला बोट लावून विचारलं, "हा वर करा बघू." अंगठा हलला नाही.

"आधीपासून ताकद कमी होती का या पायात?"

"नाही," बाबा म्हणाले. "पडल्यावरच."

डॉक्टरांनी आईकडे बघितलं.

"पडल्यावरच," आई म्हणाली.

मग त्यांनी मुलीकडे बघितलं. खोलीत आवाज फक्त पंख्याचा. पंख्याला एक पातं जड होतं, दर फेऱ्याला टक करायचा.

"स्टँड मी कापला होता," मुलगी म्हणाली.

हे खोटं नव्हतं. तिनं त्यात काही भर घातली नाही. कॉरिडॉरमध्ये मात्र तिनं डॉक्टरांना गाठलं. "त्यांचा पाय आधीपासूनच..."

"माहीत आहे," डॉक्टर चालता चालता म्हणाले. "पोटरी बघितली ना मी. दोन तासांत एवढी सुकत नाही कुणाची. मणक्याच्या माणसाला दाखवू या, काय होईल ते होईल. गाडीचं नाव काढू नका आता."

"मग तुम्ही त्यांच्यासमोर काही..."

"मी माणसं नाही हो दुरुस्त करत. हाडं करतो." आणि गेले.

*

ट्रिपला निघण्याआधी ग्रुप दवाखान्यात भेटून गेला, तेव्हा बाबांनी सांगितलं, ते असं: "पोरीनं स्टँड दोन बोटं कापलेला. विसरली. घाई असते, होतं."

टायरवाला भेटायला गेला तेव्हा: "तीन बोटं कापलेला. मी बसलो, गाडी सरळ केली, एकदम फिट होतो. स्टँडवर टेकवली आणि धाड!"

ट्रिपहून ग्रुप परत आला तेव्हा: "चार बोटं! सांगा, चार बोटं कापतं का कुणी? डोळ्यांसमोर पाय गेला. नाहीतर होतो ना मी तुमच्याबरोबर, त्या घाटात पहिला!"

"होतात तर काय! चवड्यावर!"

"चवड्यावर!"

आणि खोलीभर हशा. आई चहाचे कप आणते, नेते. बाबा खुर्चीत असतात, प्लास्टर स्टुलावर, पण ते खुर्चीत बसलेत असं वाटत नाही. दाढी रोज करतात. फोन आला की स्वतः उचलतात. एकानं फोनवर विचारलं तर सगळं पहिल्यापासून सांगतात, हातवारे करून, फोनवर.

आई ज्याला घाबरत होती ते झालं नाही. तिनं मुलीला दारात गाठून एवढंच सांगितलं, "जेवण नीट जातंय. झोपही लागते." मग मुलीचा हात धरला आणि चपला शोधायला लागल्यासारखं खाली बघितलं.

गॅरेजमध्ये तीन गाड्या होत्या दुरुस्तीला. त्यातली एक मालक येऊन तशीच घेऊन गेला. म्हणाला, गावाला जायचं निघालं. दुसरा एकजण नुसता हवा तपासायला आला आणि जाताना वाकून स्वतःचा स्टँड बघून घेतला. ती बघते आहे हे बघून ओशाळला. टायरवाल्यानं तर गंमतच केली. तिच्या शटरवर खडूनं लिहिलं: इथं उंची कमी करून मिळेल. मग संध्याकाळी स्वतःच पुसलं, ओल्या फडक्यानं, आणि म्हणाला, "ताई, मी सांगू का लोकांना? सिग्नलला मी काय बघितलं ते?"

"नको."

"तुमचा धंदा बसेल."

"बसू दे थोडा. खाली आला की पाय टेकतात."

तो हसला नाही. तीही विनोद म्हणून बोलली नव्हती, तोंडातून आलं.

*

प्लास्टर काढायच्या आदल्या दिवशी ती गेली तेव्हा बाबा एकटे होते. आई खाली औषध आणायला. बाबांनी तिला बसायची खूण केली.

"गाडी?"

"उभी आहे. टाकीला पोचा आलाय, काढते."

"स्टँड?"

"नवा बसवला. पूर्ण लांबीचा."

"हं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "विकू नकोस एवढ्यात."

"नाही."

"आणि मिस्त्री, तू मनाला लावून घेऊ नकोस."

"नाही घेत."

"पाय काय, जायचा तो जात होता..." ते थांबले. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात आलेलं तिला दिसलं. जबडा हलला. त्यांनी तिच्याकडे बघितलं. डोळे ओले वगैरे नव्हते, पण ते विचारत होते. काय विचारत होते ते तिला नीट कळलं, आणि या वेळी कुठंही ग्राइंडर चालू नव्हता.

जिन्यात बूट वाजले. ग्रुपमधले दोघं, एकाच्या हातात फळं. दारातूनच: "काय चवडेसाहेब! आणि मिस्त्री पण आहे का? पळा, पळा, कापेल काहीतरी!"

बाबांनी तिच्यावरची नजर काढली नाही. पाहुणे आत आले, खुर्च्या सरकल्या. एकजण बरोबरच्या नव्या मेंबरकडे बोट करून म्हणाला, "याला सांगा ना, याला माहीत नाही कसं झालं."

"सांगा ना, बाबा," मुलगी म्हणाली. "किती बोटं कापला होता मी?"

बाबांनी प्लास्टर स्टुलावर नीट ठेवलं. मग त्यांनी हात वर केला, बोटं पसरली, आणि सांगायला सुरुवात केली.

मागच्या हिवाळ्यापासून त्यांच्या डाव्या पायात मोजा आई घालत होती.